शुक्रवारच्या चाचण्या

डोंबिवलीत शुक्रवारी संध्याकाळी वास येत नसे. एरवी ऊन कललं की कारखान्यांच्या बाजूने तो यायचा. कधी सडक्या अंड्यांचा, कधी गोडसर, घशात चिकटून राहणारा, आणि बायका दोऱ्यांवरचे कपडे भराभर ओढून घ्यायच्या. शुक्रवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी असे. वीज सगळीकडे पुरावी म्हणून कारखान्यांना सुट्टीचे वार वाटून दिलेले होते, आमच्या वाट्याला शुक्रवार आलेला. त्या दिवशी लोक खिडक्या सताड उघड्या ठेवत, गॅलरीत खुर्च्या टाकून बसत. मला मात्र ती शुक्रवारची स्वच्छ हवा अजूनही सोसत नाही. आमच्या सगळ्या चाचण्या शुक्रवारी झाल्या, आणि शुक्रवारी कारखाना मेलेला असतो.

नव्वदीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमची कंपनी होती. खाली कोणीतरी पत्रे कापायचं आणि वर आम्ही कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम करायचो. प्रोग्रॅम लिहिणारे दोघं होते. मी तिसरी. माझं काम, त्यांनी लिहिलेलं कुठे मोडतं ते शोधायचं. त्या काळात या कामाला माणूस ठेवतात हेच कुणाला पटत नसे. आई शेजारणींना सांगायची, "हिला लहानपणापासून सगळ्यात खोट काढायची सवय, आता त्याचाच पगार मिळतो." मी भांडखोर आहे हे मला मान्य आहे. तिथे त्याचा उपयोग होता.

आमचे सर परदेशात काही वर्षं काढून आलेले. तिथून त्यांनी एक पद्धत आणली होती. सगळा प्रोग्रॅम एकदम करून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आदळायचा नाही. थोडा करायचा, द्यायचा, त्याचं ऐकायचं, पुढचा थोडा करायचा. ते त्याला इटरेशन म्हणत, आम्ही फेरी म्हणायचो. प्रत्येक फेरीच्या आधी चहा मागवून आम्ही बसायचो आणि दोन गोष्टी ठरवायचो. या फेरीत टेस्टिंग कशासाठी करायचं, आणि कशाकशाचं करायचं. उद्देश आणि स्कोप. मला ती बैठक मनापासून आवडायची. जगात सगळं तपासून होत नाही, काहीतरी सोडावं लागतं, आणि काय सोडायचं ते आधी डोळसपणे ठरवावं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. सरांचा नियम एकच होता. "सगळं तपासायला बसलीस तर म्हातारी होशील. या फेरीत जे नवीन आलंय, तेवढंच."

मला हा नियम तेव्हाही खुपायचा. पण प्रत्येक फेरीला तारीख असे, आणि तारखेपुढे माझं काय चालणार?

गिऱ्हाईक होतं डोंबिवलीतलाच एक रंगांची रसायनं करणारा कारखाना. तिथे माझा मोठा भाऊ ऑपरेटर होता. त्याच्याच ओळखीने सरांना ते काम मिळालेलं. दादाचं काम असं की पत्र्याच्या शेडमध्ये एका मोठ्या बंद भांड्यापाशी, त्याला ते रिअ‍ॅक्टर म्हणत, उभं राहायचं आणि त्यावरच्या डायलचा काटा वाचत राहायचा. आत भुकटी दोन हप्त्यांत टाकायची असे. पहिला हप्ता टाकून झाकण लावलं की आतलं तापमान आपोआप चढायचं. मग भोवती थंड पाणी फिरवून ते पन्नासच्या खाली आणायचं, आणि तेव्हाच झाकण उघडून दुसरा हप्ता टाकायचा. त्याच्या आधी झाकण उघडलं तर आतलं उकळतं सगळं तोंडावर येणार. झाकण उघडायचं काम पाच-दहा मिनिटांचं. पण काटा वाचायला माणूस पूर्ण पाळीभर तिथे, त्या वाफेत.

दादा तेव्हा तिशीचाही नव्हता आणि सकाळी बेसिनपाशी उभा राहून म्हाताऱ्यासारखा खोकायचा. थुंकीला पिवळट रंग असे. आई दाराआडून ऐकायची आणि आत जायची. दुसरी नोकरी बघ म्हटलं की तो चिडायचा. कारखान्याबाहेर कोण घेणार होतं त्याला? म्हणून आमचं काम ठरलं तेव्हा आमच्या घरात दिवाळी झाली. डायल काढून त्याच भोकात आमचा सेन्सर बसणार, तापमान कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणार, फार चढलं तर घंटा वाजणार. आणि कॉम्प्युटर धुळीत, वाफेत चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी काचेची केबिन आणि एसी. माणसासाठी इतकी वर्षं कुणी पंखा लावला नव्हता. पण कॉम्प्युटरच्या पुण्याईने दादाला त्या केबिनमध्ये खुर्ची मिळणार होती. झाकणापुरतं उठायचं, बाकी आत बसायचं. आमच्या घराला त्या प्रोग्रॅमकडून एवढंच हवं होतं.

पहिल्या फेरीचं सामान सरांच्या गाडीतून नेलं. शीळफाट्यावरून गेलो, पुढचा रस्ता खड्ड्यांचा, आणि मी मॉनिटर मांडीवर घेऊन जीव मुठीत धरून बसलेली. चालू कारखान्यात आम्हाला कोणी पाय ठेवू देणार नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी साफ सांगितलेलं, उत्पादन थांबणार नाही, शुक्रवारी या. म्हणून शुक्रवार. रिअ‍ॅक्टरमध्ये साधं पाणी भरलेलं असे. पडद्यावर आकडा दिसला, बाहेरच्या थर्मामीटरशी जुळला, पहिली फेरी पास. दुसऱ्या फेरीत घंटा आली. पाणी तापवायला बॉयलर चालू नव्हता, तर मी सेन्सर बाहेर काढून कॅन्टीनच्या किटलीतल्या उकळत्या पाण्यात बुडवला. आकडा सरसर चढला, घंटा वाजली, दादाने टाळ्या वाजवल्या. दुसरीही पास.

तिसऱ्या फेरीत छपाई आली. बॅचचा रिपोर्ट छापून हवा, परदेशातली गिऱ्हाइकं मागतात, असं साहेबांचं म्हणणं. बैठकीत मी म्हटलं, घंटा परत तपासू या. सर म्हणाले, "का? घंटेला हात तरी लावलाय का आपण?"

"लावला नाही म्हणूनच म्हणतेय. शेजारी नवीन बिऱ्हाड आलंय, जुन्याला त्रास होतो की नाही बघायला नको?"

सगळे हसले. सरही हसले आणि स्कोपमध्ये लिहिलं, फक्त रिपोर्ट. त्या शुक्रवारी आम्ही दिवसभर रिपोर्ट छापले. रकाने सरळ येतात का, तारीख बरोबर पडते का, सगळं पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा अठ्ठावीस होता. तो दिवसभर अठ्ठावीसच राहिला. गार पाण्याचं भांडं, बंद कारखाना, आकडा हलणार कशाला? आमच्यातल्या एकाच्याही मनात शंका आली नाही. साहेबांनी सही केली आणि दादा केबिनमध्ये बसायला लागला.

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या घरातले सर्वांत चांगले दिवस होते असं मला वाटतं. दादाचा खोकला कमी झाला. तो घरी येऊन थंडी वाजते म्हणून तक्रार करायचा आणि त्या तक्रारीत केवढा तोरा असायचा! आईने त्याच्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणायला घेतला. एका गुरुवारी आम्ही जेवायला बसलेलो. चौथ्या फेरीची तयारी झालेली, दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जाणार होते. दादा वरणभात कालवता कालवता म्हणाला, "तुमचं मशीन मानलं बाबा. तो जुना काटा सारखा थरथरायचा. तुमचा आकडा एकदम स्टेडी. छपाई चालू असली ना, की जागचा हलत नाही."

मी हातातला घास खाली ठेवला.

"किती वेळ हलत नाही?"

"छापून होईपर्यंत. का गं?"

चालू रिअ‍ॅक्टरमध्ये आकडा स्थिर राहू शकत नाही. चढतो तरी नाहीतर उतरतो तरी. तो थांबला याचा अर्थ प्रोग्रॅम छपाईत गुंतून तापमान वाचायचंच विसरत होता, आणि शेवटचा वाचलेला आकडा पडद्यावर तसाच ठेवत होता. वाचतच नाही म्हटल्यावर घंटाही वाजणार नव्हती. आणि पहिला हप्ता टाकला की लगेच रिपोर्ट छापायचा, अशी साहेबांची आज्ञा होती. म्हणजे आत तापमान चढत असताना पडदा जुना, कमी आकडा दाखवणार. मी दादाकडे बघत राहिले. तो ताक मागत होता.

शुक्रवारी सकाळी चौथ्या फेरीचं काम बाजूला सारून मी कॅन्टीनमधून किटली आणवली. सर कपाळाला आठ्या घालून उभे. मी प्रिंटरचा कागद काढून ठेवला, छपाईचा हुकूम दिला आणि सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवला. पडद्यावर एकोणतीस. वाफ माझ्या मनगटाला लागत होती आणि पडदा एकोणतीसच म्हणत होता. छपाई अडकली की प्रोग्रॅम कागदाची वाट पाहत तिथेच खिळून बसत होता. मी एस्केपची कळ दाबली तेव्हा कुठे छपाई सुटली आणि आकडा एकदम नव्वदीच्या वर उडाला. मग घंटा वाजली. रिकाम्या शेडमध्ये ती केवढ्याने घुमली.

सरांनी हात पुढे करून घंटा बंद केली. मग म्हणाले, "हे आजच्या स्कोपमध्ये नव्हतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, छपाई बंद करून टाका, आत्ता, साहेबांना फोन लावा. ते म्हणाले, रिपोर्टसाठीच तर त्यांनी हे घेतलंय, तिसऱ्या फेरीवर सही झालीये, आता उकरलं तर पुढचं काम जाईल. पुढच्या फेरीत पहिलं हेच घेऊ. तोवर ऑपरेटरला सांगून ठेवू, कागद संपू देऊ नका. ते दुष्ट नव्हते. ते खरंच असं समजत होते की एका फेरीत सापडलेली गोष्ट पुढच्या फेरीपर्यंत थांबते.

संध्याकाळी मी दादाला सगळं सांगितलं. आई गॅलरीत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात. दादा ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बारीक होत गेला. मला वाटलं, घाबरला.

"तू साहेबांना सांगणारेस?"

"मग काय करू?"

"सांगितलंस तर ते सगळं उचलून फेकतील. मी परत भांड्यापाशी." त्याने माझा हात धरला. दादा असा हात धरणाऱ्यांतला नव्हता. "मी सांभाळतो ना. कागद संपू देणार नाही. छपाई चालू असताना आकड्याकडे बघणारपण नाही. तू दुरुस्त करून आण, पण तोवर बोलू नकोस. मला त्या खुर्चीवरून उठवू नकोस गं."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो गालातल्या गालात हसला, त्याला वाटलं मी कबूल झाले.

शनिवारी त्याची सकाळची पाळी होती. मी ठाण्याला जायला म्हणून निघाले आणि स्टेशनच्या रिक्षा स्टँडवरून उलटी कारखान्याकडे वळले. साहेबांना सांगायचं हे माझं ठरलं होतं; दादा चिडला तर चिडू दे. नाल्यातलं पाणी त्या दिवशी जांभळं होतं. फाटकावरचा वॉचमन मला ओळखायचा. तो म्हणाला, "मॅडम, आज शनिवार." साहेब अजून आले नव्हते. मी म्हटलं, केबिनमध्ये बसते.

इतक्या वेळा मी त्या शेडमध्ये गेले होते, पण कारखाना जिवंत असताना पहिल्यांदा शिरले. पायाखालची फरशी थरथरत होती. आतलं ढवळणारं यंत्र इतकं घरघरत होतं की स्वतःचा आवाज ऐकू येईना. डोळ्यांतून पाणी आलं. रिअ‍ॅक्टर, जो मी नेहमी गार आणि मुका पाहिला होता, तो अंगातून वाफ सोडत होता. आपण हे कधी तपासलंच नाही, आपण एका वेगळ्याच कारखान्याला पास केलंय, असं मला वाटलं.

केबिनमध्ये कोणी नव्हतं. पडद्यावर चव्वेचाळीस. प्रिंटर गप्प होता, कागद समोर लोंबत होता, संपला नव्हता. पण जवळ गेले तर कागदाच्या एका कडेची भोकं प्रिंटरच्या दात्यांवरून निसटलेली आणि कागद आत चुरगळून बसलेला. वर लाल दिवा. दादाने शब्द पाळला होता. कागद संपू दिला नव्हता, छपाई चालू असताना आकड्याकडे बघितलं नव्हतं. प्रिंटरचा आवाज थांबला, त्याला वाटलं छापून झालं, आणि मग त्याने आकडा पाहिला.

काचेतून दिसलं, तो भांड्याला लागून असलेल्या जिन्यावर चढून झाकणाचे बोल्ट पान्याने सोडवत होता.

मी ओरडले. मला स्वतःलाच ऐकू आलं नाही. मी एस्केप दाबली, एकदा, दोनदा, मग दाबतच सुटले. चव्वेचाळीसचे एकदम एक्याऐंशी झाले आणि घंटा सुरू झाली. दादाने मान वळवली. झाकणाच्या एका कडेने पांढरी वाफ जोरात सुटली आणि तो मागे पडला, जिन्याच्या कठड्यावर. हात भाजला. चेहरा वाचला. तो खाली येऊन जमिनीवर बसला आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी कोणीतरी परकी बाई आहे.

साहेब आले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, सरांना फोन करून नको नको ते बोलले, आणि त्याच दिवशी कॉम्प्युटर बाहेर काढायला लावला. भोकात पुन्हा डायल बसला. केबिनमध्ये पिंपं ठेवली. एसी मात्र वाया गेला नाही, तो साहेबांच्या ऑफिसात लागला. दादा मलमपट्टी करून आला आणि पुन्हा डायलसमोर उभा राहिला.

मी पुन्हा तेच करेन. याबद्दल माझ्या मनात कधीच दुमत नव्हतं. पण आमच्या बैठकांत आम्ही प्रत्येक फेरीचा उद्देश लिहायचो, आकडा बरोबर दिसावा, घंटा वाजावी, रिपोर्ट नीट छापला जावा, आणि त्या भांड्यापासून एका माणसाला दूर बसवायचंय हे आम्ही कधीच कुठे लिहिलं नाही. मग ते पूर्ण झालं नाही याची नोंद तरी कोण करणार?

दादा माझ्याशी वाकडं वागला नाही. भाऊबीजेला ओवाळून घ्यायचा, हसायचा. बेसिनपाशी खोकण्याचा आवाज मात्र वाढत गेला, आणि आईने तो स्वेटर अर्धा विणून ठेवून दिला. दशक संपता संपता त्याला दोन जिने चढवेनात. कारखान्याने त्याला हलक्या कामाला लावतो म्हणत म्हणत घरी बसवलं.

कल्याणला एका छातीच्या डॉक्टरकडे मी त्याला नेत असे. तिथल्या बाकावर आम्ही दोघं बसलेलो, त्याच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. मी तेव्हा दुसऱ्या कंपनीत होते. इतकी वर्षं तो विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. तो अचानक म्हणाला,

"ते तुमचं छपाईचं... नंतर दुरुस्त झालं का गं?"

"झालं."

"अवघड होतं?"

"नाही. एका दुपारचं काम. नंतर आम्ही सगळं एकत्र तपासलं, चालू कारखान्यात. दुसऱ्या दोन ठिकाणी बसवलंपण."

"तिकडे केबिन आहे?"

"आहे."

तो श्वास जमवत थांबला. आता एक वाक्य झालं की त्याला थांबावं लागायचं. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात, जणू गाडी किती वाजता आहे असं विचारावं तसं त्याने विचारलं,

"मग आमच्याकडे परत का नाही आणलंत?"

सरांनी एकदा फोन केला होता. साहेबांनी नको म्हटलं होतं. त्यानंतर कुणी गेलं नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं. तो भिंतीला धरून उठला, पाकीट माझ्या हातात दिलं, आणि दारापर्यंत जाताना दोनदा थांबला.